तोंड फिरव

थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामची खिडकी पुन्हा उघडली: काकांच्या खात्याचा पासवर्ड टाका. काका गेले, ते खातंही बंद झालं. तरी नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपचा संगणक त्यांच्या नावाने सर्व्हरकडे जातच होता. खातं काढलं. पण खातं काढलं म्हणून पासवर्ड जात नाही. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त सेव्ह केलेल्या पासवर्डची वेगळी यादी असते. काकांच्या तिथे दोन नोंदी होत्या: येणाऱ्या मेलची आयमॅप, जाणाऱ्या मेलची एसएमटीपी. शेजारीच ‘पासवर्ड दाखवा’चं बटण. प्रायमरी पासवर्ड लावलेला नसला, तर संगणकापुढे बसलेल्या कुणालाही ते सगळं उघड दिसू शकतं.

काका मेल सांगायचे लेथजवळ उभं राहून, हाताला कूलंटचा वास. पासवर्ड मात्र स्वतः टाकायचे, एका बोटाने. आधी म्हणायचे, “तोंड फिरव.” मी खिडकीबाहेर मनमाड रोडवरचे ट्रक बघायचो. हिशेब, चेकबुक, कपाटाच्या किल्ल्या सगळं माझ्या हवाली केलेल्या माणसाने एवढंच एक स्वतःजवळ ठेवलं होतं.

ते बटण मी दाबलं नाही. दोन्ही नोंदी न बघता काढून टाकल्या. तोच पासवर्ड त्यांनी आणखी कुठे वापरला असेल, तर तो असा उघड्यावर राहायला नकोच. आणि गेलेल्या माणसालाही त्याचा आडोसा असतो, असं मी मनापासून मानतो.

पासवर्ड गेला तरी ‘लोकल फोल्डर्स’मध्ये उतरवून ठेवलेली पत्रं जागेवरच होती. ती पाहताना आपल्या नगरचा भुईकोट किल्ला आठवला. 1942 ते 1945 मौलाना आझाद तिथे कैदेत होते. पोस्टात पडणार नाहीत हे माहीत असूनही आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानींना ते पत्रं लिहीत राहिले. एप्रिल 1943 मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हाही ते याच किल्ल्यात होते. ती पत्रं 1946 साली ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापून आली.

त्या फोल्डर्समध्ये काकांचंही एक पत्र मसुदा म्हणून पडून आहे. आमच्याकडून चाकणला गेलेल्या टर्नरला, ‘परत ये, तुझी जागा तशीच आहे’ म्हणून. मीच टाइप केलं होतं. “उद्या पाठवू,” म्हणाले होते. ते आता माझ्या खात्यावरून पाठवतोय, खाली नाव काकांचंच. जागाही खरंच रिकामी आहे.