लहान गाडी, लांबची वाट

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या कौशातल्या इमारतीत निम्म्या घरांना कुलपे दिसतात. कोणी महाडला जाते, कोणी श्रीवर्धनला, कोणी खेड-दापोलीला. आमचे गाव दापोलीच्या पुढे, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. यंदा दिराच्या मुलीचा निकाह होता, म्हणून दीर कतारहून महिनाभर आधीच गावी येऊन राहिले होते. निघण्याच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि ते म्हणाले, "भाभी, ती डबी घेऊनच येणार का तुम्ही? व्याही येतील, पाहुणे येतील. भाईजानना सांगा, आता सात सीटवाली घ्या. निम्मे पैसे मी देतो, बाकीचे हप्त्यावर होतील."

डबी म्हणजे आमची अल्टो. ८०० सीसीची, सेकंड हँड घेतलेली, रोख पैसे मोजून. हप्ता म्हटला की व्याज आले, आणि व्याजाचा व्यवहार घरात नको हे सासरे हयात असल्यापासून ठरलेले. त्यामुळे दिरांचा तो अर्धा प्रस्ताव तिथेच संपला. पण उरलेला प्रश्न चुकीचा नव्हता. सासूबाईंचे, म्हणजे आमच्या अम्मींचे, वय ७४. दोन्ही गुडघे गेलेले. एसटीची पायरी आता त्यांना चढवत नाही. आठ तास त्या लहान गाडीत बसू शकतील का? नसतील तर त्यांचे गाव सुटलेच म्हणायचे. शिवाय मुलगा १५ वर्षांचा झाला आहे, त्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात. मी दिरांना म्हटले, "या वेळी हीच गाडी आणते. परत आल्यावर काय ते ठरवू."

प्रवासाचे सांगण्याआधी ही गाडी रोज कुठे राबते ते सांगायला हवे. मुंब्रा-कौसा म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळी वस्ती. जुना मुंबई-पुणे रस्ता याच पट्टीतून जातो. रिक्षा, हातगाड्या, शाळेच्या व्हॅन, टँकर आणि माणसे, सगळ्यांना तो एकच रस्ता. माझी शाळा कळव्याला. चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले ती याच रस्त्यावर, आणि शिकवणारे हे, म्हणजे मुलांचे अब्बा, प्रत्येक गिअरला आयतुल कुर्सी म्हणत होते.

इमारतीत आमच्या वाट्याला जिन्यालगतची जागा आली. मागे पाण्याची टाकी, पुढे फाटक. टेपने मोजली तर पावणेचार मीटर भरली. आमची गाडी सुमारे ३.४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. ती लागते आणि फाटकही बंद होते. शेजाऱ्यांची गाडी ४ मीटरला थोडी कमी आहे, तीसुद्धा तिथे बसत नाही. ते रोज रात्री रस्त्यावर जागा शोधत फिरतात आणि सकाळी आरशाची काच शाबूत आहे का ते आधी पाहतात.

आपल्याकडे सरकारदरबारी "लहान गाडी" म्हणजे ४ मीटरच्या आतली. २००६ च्या अर्थसंकल्पात अशा गाड्यांवरचा उत्पादन शुल्काचा दर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. साहजिकच कंपन्यांनी ४ मीटरच्या रेषेला टेकून उंच, रुंद, ऐटबाज गाड्या काढल्या. कागदावर त्या लहानच. पण आमच्या जिन्याखाली अर्ध्या मीटरचा फरक फार मोठा आहे.

जपानमध्ये याहून कडक माप आहे. तिथल्या सर्वांत लहान वर्गातली गाडी ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद आणि ६६० सीसीच्या आत असावी लागते. मोठी गाडी नावावर करून घेताना ती ठेवायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला दाखवावा लागतो, या लहान गाड्यांना त्यात बरीच सवलत आहे. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० ही तिथल्याच सुझुकीच्या लहान गाडीची बहीण. गाडी घेण्याआधी ठेवायची जागा दाखवा, हा नियम मुंब्र्यात आला तर किती जणांच्या चाव्या परत जातील, असा विचार मनात येऊन हसू येते.

तर निघालो. फजर पढून, अम्मींना पुढच्या सीटवर बसवले. सीट पूर्ण मागे सरकवली, पाठीला उशी, पायाखाली घडी घातलेली चादर. मुलगा, मुलगी आणि मी मागे, हे गाडी चालवायला. डिकी १७७ लिटरची. ऐकायला बरी वाटते, पण दोन बॅगा आणि अम्मींचा वॉकर ठेवला की झाकण मिटत नाही. निकाहचे कपडे, भेटवस्तू, मिठाईचे डबे शेवटी आमच्या मांडीवर आले.

शिळफाटा, तळोजा, पनवेल, पेण, वडखळ. सकाळची थंड वेळ होती, गाडी खुशीत चालली. नागोठणे, कोलाड सोडले आणि माणगावच्या बाजारात सगळे अडकले. तिथे मोठी-छोटी सगळ्यांची गत एकच. ऊन चढले. महाड-पोलादपूर सोडल्यावर चढ लागला आणि गाडीचे खरे वजन कळले. गाडी साधारण ७०० किलोंची. आम्ही पाच जण आणि सामान मिळून तीनशेच्या वर. म्हणजे तिच्या निम्म्याच्या आसपास ओझे तिच्याच पाठीवर. तीन सिलिंडरचे ते इंजिन एसीही ओढणार आणि चढही चढणार, हे दोन्ही जमत नाही. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, दुसरा गिअर. कशेडीला आता बोगदा झाला आहे, म्हणून जुन्या घाटाची वळणे बऱ्याच जणांच्या वाट्याला येत नाहीत. तरी बोगद्याच्या अलीकडे एका कंटेनरला ओलांडायला हे बाहेर निघाले आणि गाडी वेगच घेईना. समोरून बस येताना दिसली. ह्यांनी ब्रेक मारून पुन्हा कंटेनरच्या मागे गाडी घेतली. कोणी काही बोलले नाही. अम्मींची तसबीह तेवढी थांबली आणि पुन्हा सुरू झाली. चूक गाडीची नव्हती, आमची होती. भरलेल्या लहान गाडीने चढावर ओलांडायला जायचेच नसते, मागे राहायचे असते. पण ही चूक एकदाच करायला मिळते, म्हणून सांगते आहे.

सुरक्षेबद्दल आणखी एक गोष्ट लपवू नये. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या आदळून तपासल्या. एअरबॅग नसलेल्या त्या मॉडेलना मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेत एकही तारा मिळाला नाही. आमच्यासारखीचाही त्यात समावेश होता. पुढे नियम बदलले, १ जुलै २०१९ पासून चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली. सेकंड हँड गाडी पाहताना रंग आणि सीट कव्हर पाहण्याआधी ही तारीख पाहावी. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. कोकणात निघालेल्या किती गाड्यांत मागे पाच-पाच मुले कोंबलेली दिसतात! माझ्या वर्गातली मुले सांगतात, "टीचर, मागे पट्टा कोण लावतं?" लावायचा असतो, बाळांनो. कायदाही तेच सांगतो.

भरणे नाक्याला वळून खेडमध्ये जोहर पढली, जेवलो. तिथून दापोलीचा रस्ता अरुंद, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना आंबा-काजू. इथे वेग कोणालाच घेता येत नाही आणि लहान गाडीचा जीव पुन्हा रमतो. समोरून एसटी आली की थोडे डावीकडे झुकायचे, ती निघून जाते. खड्डे मात्र सोसावे लागतात. चाके १२ इंचांची, मोठ्या चाकाला जो नुसता धक्का, तो आम्हाला खड्डा.

गावात पोहोचलो तेव्हा डांबरी रस्त्यावर मशिदीपाशी दिरांनी लग्नासाठी दापोलीहून भाड्याने आणलेली सात सीटची गाडी उभी होती. घरापर्यंत ती जातच नव्हती. आमची गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मध्ये एक वळण. बैलगाडीसाठी ठेवलेली रुंदी. दीर पुढे येऊन म्हणाले, "अम्मी, इथेच उतरा. खुर्ची आणतो, दोघे उचलून नेऊ." अम्मींचा चेहरा उतरला. चार गावच्या पाहुण्यांसमोर खुर्चीवरून उचलून नेलेले त्यांना नको होते. माझ्या मनात काय आले कोण जाणे. ह्यांना म्हटले, "तुम्ही उतरा, मी नेते." बिस्मिल्लाह म्हटले, दोन्ही आरसे मिटले आणि पहिल्या गिअरवर गाडी गल्लीत घातली. मुलगा पुढे उलटा चालत हाताने खुणा करत होता. वळणावर एकदा मागे घेतली, एकदा पुढे. पडवीच्या पायरीपासून दोन हातांवर गाडी थांबली. अम्मी वॉकर धरून स्वतःच्या पायांनी पायरी चढल्या. लग्नघरातल्या बायका बाहेर आल्या होत्या. त्यांना अम्मी म्हणाल्या, "माझ्या सुनेने आणलं." एवढेच.

निकाह चांगला झाला. पाहुण्यांची ने-आण मोठ्या गाडीने केली, दाराशी औषध, बर्फ, म्हाताऱ्या माणसांना आणणे-सोडणे लहान गाडीने. दोन्ही लागल्या. फरक इतकाच की मोठी तीन दिवसांसाठी लागली आणि तिचे तीन दिवसांचे भाडे देऊन ती परत गेली.

परतीचा हिशेब मात्र जुळला नाही. आंब्याच्या दोन पेट्या, नारळ, नव्या व्याह्यांनी दिलेले कपडे. पाच माणसे आणि हे सामान या गाडीत मावत नाही, कितीही दाबा. शेवटी हे आणि मुलगा बॅगा घेऊन खेडहून कोकण रेल्वेने आले. मे महिन्याची गर्दी, बराच वेळ उभे राहून. अम्मी, मुलगी आणि आंबे घेऊन मी गाडी आणली. घाटात कोणालाही ओलांडले नाही. जाऊन-येऊन पाचशेच्या आसपास किलोमीटर झाले, पेट्रोल साधारण २७ लिटर लागले. मुलगा अजून ते उभे राहणे काढून दाखवतो, आणि त्याचे बरोबर आहे.

घरी आल्यावर मी वहीत एप्रिल महिना मांडला. गाडी २४ दिवस बाहेर निघाली होती. त्यातले १९ दिवस गाडीत दोनच माणसे: मी आणि मुलगी, किंवा मी आणि अम्मी. चारपेक्षा जास्त माणसे फक्त एका दिवशी. ठाणे जिल्ह्याबाहेर एकदाही नाही. म्हणजे आपण गाडी घेतो ती लग्नाच्या आणि सुट्टीच्या पाच दिवसांकडे पाहून, आणि तिच्यात बसतो ते उरलेले तीनशे दिवस. ज्यांना दर आठवड्याला गावी जायचे असते, घरात सहा माणसे असतात, हायवेवरच नोकरी असते, त्यांनी लहान गाडी घेऊ नये, त्यांची ओढाताण होईल. पण बाकीच्यांनी आधी गल्ली मोजावी, गाडी ठेवायची जागा मोजावी आणि एका महिन्याची माणसे मोजावीत. शोरूममध्ये त्यानंतर जावे.

ते आपण करत नाही, कारण लोक काय म्हणतील हे माप आधी लागते. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत नॅनो दाखवली तेव्हा किती गाजावाजा झाला होता! एक लाखाची गाडी, स्कूटरवर चौघे बसणाऱ्या कुटुंबासाठी. तीन मीटरच्या थोडी वर लांबी, ६२४ सीसीचे इंजिन मागे. गल्लीबोळांसाठी याहून सोयीची गाडी क्वचितच झाली असेल. पण "सर्वांत स्वस्त" हा शिक्का बसला, आणि स्वस्त म्हणवणारी गाडी दारात उभी करायला लोक लाजले. ती ओळख चुकली हे रतन टाटांनीही नंतर कबूल केले. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबल्यासारखेच झाले. आमची अल्टो ८०० ही २०२३ मध्ये बंद झाली. लहान गाड्या कमी होत आहेत आणि गल्ल्या आहेत तेवढ्याच आहेत.

निकाहनंतरच्या दुसऱ्या दिवशीचे सांगायचे राहिले. दुपारी दीर पडवीत आले. थोडा वेळ इकडचे-तिकडचे बोलले. मग म्हणाले, "भाभी, जरा चावी द्या. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तुमच्या जावेला घेऊन जाऊन येतो. मोठी गाडी तिथे बंदरावर वळवता येत नाही." चावी दिली. परत आले ते सुरमई आणि बांगडे घेऊन, आणि डिकीला मासळीचा वास लावून. तो वास पुढे आठ दिवस गेला नाही.

कतारला परत जायच्या आधी त्यांचा पुन्हा फोन आला. सात सीटवालीचे काही बोलले नाहीत. विचारले, "भाभी, तुम्ही त्या टेपने जागा मोजली होती ना? गावच्या घराच्या बाजूला गोठ्याची जागा आहे. तिथे किती लांबीची बसेल, पुढच्या वेळी आलात की मोजून सांगाल का? अम्मी पावसाळ्यानंतर इथे राहायचं म्हणतात."

टेप मी पर्समध्येच ठेवली आहे.