रिकामी पुंगळी

पांढरपेशा घरांत पिस्तुलाची गोष्ट निघाली कीं भुंवया वर जातात, हें आम्ही जाणतों. परंतु आमचें बिऱ्हाड अमेरिकेंत, पेनसिल्व्हानियांत आहे. तेथें नेमबाजी हा सुटीच्या दिवसाचा सर्रास विरंगुळा. आम्हांसही तो जडला. छंद स्वस्त नव्हे. म्हणून झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या वेंचून आणाव्या आणि नवी टोपी, दारू व गोळी बसवून पुनः वापराव्या, असा आमचा काटकसरी शिरस्ता.

गेल्या वर्षीं आम्हीं .४५ चें पिस्तूल घेतलें. नेम उत्तम, पण पुंगळ्या वेंचूं लागलों तों ५० पैकीं ३० चीं तोंडें चेपलेलीं! थोडें चेपलेलें तोंड साच्यांत घालतांच गोल होतें. घडीच पडली तर मात्र पितळेस चीर जाते आणि पुंगळी टाकून द्यावी लागते. संतापाच्या भरांत आम्हीं विक्रेत्यास दोन कडक पत्रें लिहिलीं.

मग उपाय सुरू झाले. दुसऱ्या कारखान्याचीं काडतुसें आणलीं, फरक नाहीं. १६ पौंडांची स्प्रिंग काढून साडेअठरा पौंडांची घातली. तों पुंगळ्या खिडकींतच अडकूं लागल्या. स्प्रिंग ताठ झाली म्हणजे वरची स्लाइड मागें जातांना मंदावते आणि पुंगळी जोरानें फेंकली जात नाहीं, हें आम्हांस मागाहून कळलें. निरुपायानें पिस्तूल विकून टाकण्याचें ठरविलें.

त्या संध्याकाळीं, पिस्तूल रिकामें असल्याची दोनदां खात्री करून, आम्ही तें पुसत होतों. आमच्या सौ. जवळ येऊन म्हणाल्या, "खिडकीच्या कडेला हा पिवळा डाग कसला? दाराच्या चौकटीला हंडा घासला कीं अस्साच ओरखडा राहतो."

आम्ही चपापलों. दुसऱ्या दिवशीं ती कड काळ्या शाईनें रंगविली, जुनी स्प्रिंग परत बसविली आणि दहा गोळ्या झाडल्या. चेपलेल्या प्रत्येक पुंगळीच्या तोंडास शाई लागलेली! एक्स्ट्रॅक्टरचा आंकडा पुंगळीस नळींतून ओढतो, इजेक्टर तिला मागून ठोकर देतो. ती गिरकी घेऊन बाहेर पडतांना तोंड त्या कडेवर आपटत होतें.

जॉन ब्राउनिंग यांनीं योजिलेलें हें पिस्तूल अमेरिकन सैन्यानें १९११ सालीं स्वीकारलें, आणि आमचें त्याच मूळ घाटाचें. लढणाऱ्या सैनिकास पुंगळ्या वेंचावयाच्या नसतात. तोंड चेपलें तरी त्याचें कांहीं अडत नाहीं. अडतें तें आमच्यासारख्या हिशेबी गृहस्थाचें. पुढें पुंगळ्या पुनः भरून वापरणाऱ्या वाढत्या शौकिनांच्या सोयीसाठीं ही खिडकी खालीं उतरविण्याची व तिची मागील कड पसरट करण्याची रीत पडली. तीच दुरुस्ती आम्हीं जाणत्या कारागिराकडून करून घेतली. आतां ५० पैकीं फार तर दोन पुंगळ्या चेपतात.

तात्पर्य एवढेंच, कीं आम्ही काडतूस, स्प्रिंग आणि विक्रेता या सर्वांस दोष दिला. पण जिचें तोंड फुटलें त्या पुंगळीस, तुला लागलें कोठें, हें विचारलें नाहीं. विक्रेत्यास आम्हीं तिसरें पत्र धाडलें आहे. तें क्षमायाचनेचें आहे.