वही कोणाच्या कपाटात?

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आमचे हळद-बेदाण्याचे दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केले आणि मी वाढवले, असे म्हणण्याची रीत आहे. खरे सांगायचे तर मी ते केवळ मोडू दिले नाही. वाढवण्याचे काही घडले असेल, तर ते सूनबाईने घडवले, आणि तिच्या त्या कामाचा एक मोठा भाग माझ्या हट्टामुळे एका सकाळी नाहीसा झाला. त्याचीच ही हकीकत आहे.

तीन वर्षांपूर्वी तिने ऑनलाइन विक्रीचा विषय काढला. हळकुंडे, हळदपूड, बेदाणा, कांदा-लसूणविरहित मसाले आणि आमच्याकडे भगिनी लाटतात ते पापड, एवढाच माल होता. संकेतस्थळ कोणते सॉफ्टवेअर घेऊन उभारावे याचा ती आठवडाभर अभ्यास करत होती. मी मात्र परस्पर एका ओळखीच्या गृहस्थांना काम देऊन टाकले. "तुम्ही फक्त माल द्या, बाकी सगळे माझ्यावर सोडा," हे त्यांचे वाक्य मला फार आवडले. दुकानाच्या कुलपाची किल्ली मी कधी नोकराकडेही रात्रभर ठेवलेली नाही. इथे मात्र पत्ता त्यांच्या नावावर नोंदला गेला, जागा त्यांची, सॉफ्टवेअरही त्यांनीच रचलेले, आणि मला त्यात वावगे काही वाटले नाही.

उणिवा लवकरच दिसू लागल्या. २१० रुपये छापील किमतीच्या पाकिटावर ते सॉफ्टवेअर आणखी पाच टक्के कर लावून २२० रुपये ५० पैसे मागत असे. छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात, हे कोणताही किराणा व्यापारी जाणतो. बेळगावच्या एका ग्राहकाने फोन करून विचारले, तेव्हा मला मान खाली घालावी लागली. टपालखर्चाचीही तीच गत होती. पाव किलो हळदीला आणि पापडांच्या खोक्याला एकच रक्कम लागत असे. कुरिअरवाले केवळ वजन पाहत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्या गुणाकाराला ते बहुधा पाच हजारांनी भागतात आणि जे वजन जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. तीस बाय तीस बाय वीसच्या खोक्यात दोन किलो पापड असले, तरी आकारणी तीन किलो सहाशे ग्रॅमची होते. दूरच्या गावी गेलेल्या प्रत्येक खोक्यामागे आम्ही पदरचे पैसे घालत होतो. सूनबाई दुरुस्त्या सांगत असे आणि "पुढच्या आठवड्यात करू" हे उत्तर येत असे.

मग वार्षिक रकमेवरून वाद झाला. मी ताणून धरले. वैशाखातल्या एका सकाळी संकेतस्थळ उघडेना. दोन वर्षांत जोडलेल्या ग्राहकांची नावे, पत्ते, कोणी काय व कधी मागवले याच्या नोंदी, सारे त्या गृहस्थांच्या संगणकावर राहिले. पहिल्या शंभर पार्सलांत तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या घातल्या होत्या. त्या दिवशी ती मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती, तर मला सोपे गेले असते.

दुसऱ्या वेळी निवड तिने करायची, हे मी आपणहून सांगितले. तरीही मध्ये बोलायचे ते बोललोच.

तिने कागदावर दोन रकाने आखले. पहिल्यात शॉपिफायसारखी भाड्याची व्यवस्था होती. दरमहा भाडे द्यायचे. जागा, सुरक्षितता आणि दुरुस्ती त्यांची. भाड्याखेरीज विक्रीवरही काही टक्के जातात, पैसे स्वीकारणाऱ्या गेटवेचे शुल्क वेगळे आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. शिवाय लहानसहान सोयींसाठी जी जोड-अ‍ॅप घ्यावी लागतात, त्यांतील पुष्कळांचे पुन्हा स्वतंत्र मासिक भाडे. दुसऱ्या रकान्यात वर्डप्रेसवर चालणारे वूकॉमर्स होते. सॉफ्टवेअर फुकट, सगळे आपल्या ताब्यात. मात्र होस्टिंगची जागा आपण घ्यायची, नव्या आवृत्त्या आपण चढवायच्या, सुरक्षेच्या प्रती आपण काढून ठेवायच्या. मॅजेंटोचे नाव तिने लिहून खोडले होते. ते मोठ्या पेढ्यांचे काम, त्याला पगारी माणूस लागतो. मोठ्या बाजारपेठांच्या अ‍ॅपवर माल ठेवण्याचाही विचार झाला, पण तिथे दलाली देऊनही ग्राहक त्यांचाच राहतो, म्हणून तो फार वेळ चालला नाही.

माझा कौल अर्थातच स्वतःच्या जागेला होता. एकदा दुसऱ्याच्या जागेत हात पोळले होते. मी म्हणालो, "फुकट आहे, आपले आहे, मग भाडे कशाला?"

ती शांतपणे म्हणाली, "मामा, हरिपूरचे पेव आपले स्वतःचेच होते ना?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली पेवे असत. त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. आमचेही एक पेव होते आणि वडिलांना त्याचा मोठा अभिमान होता. २००५च्या महापुरात पाणी शिरले आणि इतर कित्येकांप्रमाणे आमचीही हळद गेली. पेव स्वतःचे होते म्हणून पाणी थांबले नाही. पुढे आम्ही माल गोदामात आणि बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवू लागलो, भाड्याने.

"कोल्ड स्टोरेजची जागा आपली नसते," ती पुढे म्हणाली, "पण पावती आपल्या नावाची असते, आणि आपण मागू तेव्हा माल बाहेर काढता येतो. मला एवढेच पाहायचे आहे. वर्डप्रेसची राखण रात्री दोन वाजता कोण करणार? तुम्ही की मी?"

यावर मला उत्तर नव्हते. घरात माहितगार तरुण असेल, तर वूकॉमर्सच घ्यावे असे मी आजही म्हणेन; दीर्घकाळात ते स्वस्त पडते. आमच्याकडे तसे कोणी नाही. मुलगा दिवसभर सौद्यात असतो.

शेवटी भाड्याची व्यवस्था घेतली, पण पावतीच्या बाबतीत तिने काही सोडले नाही. संकेतस्थळाचा पत्ता दुकानाच्या नावावर, दुकानाच्याच ईमेलवरून नोंदवला. ग्राहकांची व मागण्यांची यादी साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येते का, हे पैसे भरण्याआधी, चाचणीच्या मुदतीतच पाच खोट्या मागण्या नोंदवून तिने तपासले. छापील किमतीत कर धरलेला राहतो का, महाराष्ट्रात सीजीएसटी-एसजीएसटी आणि बाहेर आयजीएसटी नीट पडतो का, हेही त्याच पाच मागण्यांवर पाहिले. आमच्यातल्या बहुतेकांचा उत्साह मुखपृष्ठाचा रंग निवडण्यातच संपतो. तिने रंग सर्वांत शेवटी निवडला.

एक गोष्ट मात्र आमच्या घरच्या ग्राहकांमुळे सुचली. मर्यादा पाळणारी पुष्कळ घरे आमच्याकडून माल घेतात. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. दळलेली पूड टपालाने त्या मुदतीत पोचणे कठीण. म्हणून चातुर्मासात त्यांना हळकुंडेच पाठवावीत आणि दळलेल्या प्रत्येक वस्तूपुढे दळल्याची तारीख दिसावी, असे तिने ठरवले. त्यासाठी वस्तूच्या पानावर आपला स्वतंत्र रकाना जोडता येणे आवश्यक होते. दोन व्यवस्था तिने केवळ एवढ्याच कारणाने नाकारल्या.

सजावटीच्या नमुन्यांत "फक्त २ नग शिल्लक" अशी पाटी आणि उलटे धावणारे घड्याळ आयतेच होते. पोत्यांनी हळद भरलेली असताना ती पाटी लावायची कशी? अशा खोट्या घाईला आणि न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवण्याला केंद्र सरकारने २०२३ साली फसव्या पद्धतींच्या यादीत घातले आहे, असे तिने वाचले होते. मला वाचण्याची गरज पडली नाही. वडील स्वतः वजने घेऊन शिक्का मारून आणायला जात, आणि कमी-अधिक मापाला आपल्याकडे कोणत्या व्रताचा अतिचार म्हणतात, हे त्यांनी मला दुकानातच शिकवले होते.

जुने ग्राहक मात्र गेले ते गेलेच, असे आम्ही धरून चाललो होतो. एका रविवारी मी माळ्यावर जुनी रद्दी काढत होतो, तेव्हा सुतळीने बांधलेला एक गठ्ठा हाती आला. कुरिअरच्या पावत्या. पावती टाकायची नाही, ही वडिलांची सवय माझ्या अंगी उरली होती, तिचा उपयोग मात्र मी विसरलो होतो. सूनबाई आणि मी दिवाणखान्यात जमिनीवर बसून चष्मा पुसत पुसत दोनशे चौदा पत्ते उतरवले. काहींची शाई उडाली होती. कोल्हापूरच्या एका पत्त्यावर ती थांबली आणि म्हणाली, "या आजींना बेदाणा लहान लागतो."

मी तेव्हा तिला सांगितले की त्या वेळी तुला विचारायला हवे होते, चूक माझी होती. तिने मान हलवली आणि पुढची पावती माझ्या हाती दिली.

त्या सगळ्यांना आम्ही पोस्टकार्डे पाठवली. काही परत आली, काहींचे फोन आले. आता दर शनिवारी दुकान बंद करण्याआधी ती ग्राहकांची यादी पेन ड्राइव्हवर उतरवते आणि मी तो तिजोरीत, रोजमेळाच्या वहीवर ठेवतो. मागच्या शनिवारी मी विसरलो होतो. ती जिना उतरून पुन्हा दुकानात आली.

"मामा, किल्ली द्या."