चौथं तिकीट

गुलमर्गला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात सर्वांत जास्त चर्चा झाली ती तिकिटांची. विमानाच्या नव्हे, गोंडोलाच्या. लेकीला स्कीइंग शिकायचं होतं. तुर्कस्तानातल्या स्पर्धेत 2018 साली पदक मिळवणाऱ्या मनालीच्या आंचल ठाकूरबद्दल तिनं वाचलं होतं, तेव्हापासून हे वेड. जानेवारीत मी किरकोळ रजा टाकली आणि तिकिटं काढायचं काम माझ्याकडे आलं. घरातले सगळे फॉर्म मीच भरते, मास्तरीण ना!

गुलमर्गचा गोंडोला म्हणजे सहा जणांची केबिन असलेला रोपवे. त्याचे दोन टप्पे आहेत. पहिला गुलमर्गहून कोंगडूरीपर्यंत. तो 1998 मध्ये सुरू झाला. दुसरा कोंगडूरीहून वर अफरवत डोंगरावर, जवळजवळ चार हजार मीटर उंचीपर्यंत. तो 2005 चा. दोन्ही टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी, आणि दुसऱ्याचं महाग. हंगामात ती आधीच ऑनलाइन काढावी लागतात, नाहीतर मिळत नाहीत.

रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाईल घेऊन बसले. हे, लेक आणि मुलगा, तिघांची नावं, वयं, ओळखपत्रांचे नंबर भरले. दोन्ही टप्पे. पैसेही भरून टाकले. लेकीनं स्क्रीन पाहिला आणि विचारलं, "अम्मी, तुमचं नाव कुठंय?"

"मी खाली बसेन. सामान कोण सांभाळणार? आणि मला उंचीची भीती वाटते."

"तुम्ही कधी उंचावर गेलात?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे भीती उंचीची नव्हतीच. तीन तिकिटांची बेरीज बघून चौथं मी मनातल्या मनात वजा केलं होतं. ईदच्या कपड्यांच्या वेळी करते तसंच. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. ह्यांनी तर तिथल्या तिथे सांगितलं, "काढ तुझंही." पण तोवर त्या दिवसाची दुसऱ्या टप्प्याची तिकिटं संपली होती. मला फक्त पहिल्या टप्प्याचं मिळालं.

गुलमर्गला पोचल्यावर आणखी एक गोष्ट कळली, ती जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. नवशिक्याला स्कीइंगसाठी गोंडोलाचं तिकीट लागतच नाही! शिकण्याचा उतार खालीच, गावाजवळ आहे. तिथे स्की आणि बूट भाड्यानं मिळतात, शिकवणारे उस्ताद मिळतात. अफरवतचा उतार सरावलेल्यांचा. तिथे बर्फ घसरून येण्याचा धोका असतो आणि वारा वाढला की वरचा टप्पा बंद ठेवतात. नीट शिकायचं तर सरकारी स्कीइंग संस्था 1968 पासून तिथे अभ्यासक्रम चालवते. महागडं तिकीट म्हणजे जास्त शिक्षण असं मी धरून चालले होते. शाळेत पालकांना मी नेमकं याच्या उलट सांगत असते.

कोंगडूरीला तिघं पुढच्या केबिनमध्ये बसले. जाताना मुलगा ओरडला, "अम्मी, उर्दूत 'मर्ग' म्हणजे मौत ना?" मी म्हटलं, "इथे मर्ग म्हणजे कुरण. गुलमर्ग, फुलांचं कुरण. जा आता, खुदा हाफिज." केबिन धुक्यात शिरली आणि मी एकटी उरले.

कहवा घेतला. तासभर बसले. आजूबाजूला माझ्याच वयाच्या बायका दिसत होत्या, कुणी साडीवर कोट घातलेल्या, कुणी माझ्यासारख्या हिजाबवर टोपी चढवलेल्या. बऱ्याच जणींच्या मांडीवर दुसऱ्यांच्या बॅगा होत्या. माझ्याही होत्या, तीन.

दुसऱ्या दिवशी खालच्या उतारावर लेकीचा धडा होता. मी कडेला उभी. उस्ताद तरुण काश्मिरी मुलगा होता. त्यानं सहज विचारलं, "आपा, आप नहीं सीखेंगी?" मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बॅगा ह्यांच्या हातात दिल्या.

अर्ध्या तासात सात वेळा पडले. आठव्यांदा दहा-बारा पावलं सरळ घसरत गेले, अल्हम्दुलिल्लाह. लेकीनं व्हिडिओ काढला. त्यात मी वर्गात ओरडते तशी ओरडताना दिसते आहे.

मी रोज सकाळी हजेरी घेते. कुणाचं नाव राहिलं तर पोरी लगेच हात वर करतात, "टीचर, मेरा नाम नहीं लिया." बी.एड.ला हजेरीपत्रक कसं ठेवायचं ते शिकले, वीस वर्षं ठेवतेही आहे. पण हात वर करायचं मात्र विसरले होते.

पुन्हा गुलमर्गला जायचं आहे, इन्शाअल्लाह. अफरवत राहिला आहे. फॉर्म मीच भरीन, आणि सुरुवात माझ्या नावापासून करीन.