आजीची पाठ

२०२३ च्या डिसेंबरात आजीला मामाकडे पोचवायला मी अमेरिकेत गेले. मामा व्हर्मांट राज्यातल्या एका लहानशा गावी असतो. परदेशी जाऊन आलेल्याने वार्षिकात प्रवासवर्णन लिहावे असा रिवाज आहे खरा. पण मी तिथे पाहिली ती मुख्यतः एक भिंत आणि तिच्यातली चूल.

चूल हा आजीचा शब्द. विटांच्या जुन्या उघड्या शेकोटीत पूर्वीच्या मालकाने काचेच्या दाराची बिडाची पेटी बसवली होती. तिची पोलादी नळी धुराड्यातून वर गेलेली, आणि पेटी व विटा यांमधली फट समोरून काळ्या पत्र्याने झाकलेली. बाहेर उणे वीस अंश. लाकडे ढणढण जळत, आजी तोंडाने भाजून निघे आणि पाठीने गारठे. तिसऱ्या रात्री ती मला हळूच म्हणाली, "मला परत ने गं."

मला बरेच वाटले, हे कबूल करते. आजोबा गेल्यापासून ती आमच्याकडेच होती. तिला सहा महिने इकडे ठेवायचे हे मामाने ठरवलेले. मला कोणी विचारले नव्हते.

मामा इंजिनिअर. दारात कागद धरून दार लावायचे आणि कागद ओढायचा. सहज निघाला तर दाराच्या कडेची दोरी झिजली समजायचे. कागद निघाला नाही. मामा हात चोळत बसला.

त्या संध्याकाळी आजीने चुलीवरच्या फळीवर देवापुढे उदबत्ती लावली. धूर वर जाण्याऐवजी खाली वळला आणि काळ्या पत्र्याच्या कडेतून आत शिरला. घरातली ऊब नळीभोवतीच्या पोकळीतून आभाळात चालली होती, आणि तिच्या जागी खिडक्यांच्या फटींतून गार वारा येत होता, आजीच्या पाठीवरून. मी पाहिले. दोन दिवस कोणाला सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी आजी खोकू लागली. मग सांगितले.

चूल थंड झाल्यावर शेजाऱ्यांच्या मदतीने मामाने ती अवजड पेटी बाहेर ओढली. धुराड्याच्या तळाशी नळीपुरते भोक पाडलेला पत्रा बसवला, त्याच्या कडा उष्णता सोसणाऱ्या लुकणाने बुजवल्या आणि वर दगडी लोकर पसरली. साधी काचलोकर तिथे चालत नाही, तिच्यावरचा कागद पेट घेतो. आजी खुर्चीतून सूचना देत होती. जन्मभर चूल लिंपलेली बाई ती! मामा उत्साहाने खिडक्याही बुजवायला निघाला तेव्हा तिनेच अडवले, "सगळंच लिंपू नकोस रे, विस्तवाला वारा लागतो." मामाने मुकाट्याने पट्टी खाली ठेवली आणि विषारी वायूची सूचना देणारी भिंतीवरची घंटा चालते का ते पाहिले.

त्या रात्री आजी खुर्चीतच झोपली. शाल खाली पडली होती.

जानेवारीत मी एकटीच परतले. उदबत्तीचा पुडा तिने ठेवून घेतला. पुढे मामा फोनवर सांगायचा, दर शनिवारी ती पत्र्याभोवती उदबत्ती फिरवते आणि छतावरची धुराची घंटा हमखास वाजते.