पिवळी पट्टी

घरातील मोठे प्रश्न बहुधा थोडक्यात सुटतात आणि लहान प्रश्नच घराला वेठीस धरतात, असा आमचा अनुभव आहे. घराच्या जांभ्या दगडाच्या भिंतींना गिलावा करावा की नाही, हे आम्ही एका संध्याकाळी ठरवून मोकळे झालो होतो. परंतु प्लास्टिकच्या एका वीतभर रुंद तुकड्याला कोणता रंग असावा, यावरून गेल्या महिन्यात आमच्या रत्नागिरीच्या घरात जो खल सुरू झाला, तो चांगला तीन आठवडे पुरला.

हा तुकडा म्हणजे आमच्या धाकट्या कन्येच्या बेस गिटारचे पिकगार्ड. ज्या वाचकांच्या घरी या वाद्याचा अद्याप प्रवेश झालेला नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. बेस गिटार हे चार जाड तारांचे, खर्जात बोलणारे, विजेवर चालणारे वाद्य. ते वाजत असते तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. थांबले की मात्र सगळे गाणे पोरके वाटू लागते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी पूर्वी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणारे लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. तोपर्यंत खर्ज सांभाळणाऱ्या वादकाला पुरुषभर उंचीचा डबल बेस वाहून न्यावा लागे, आणि त्याच्या दांडीवर पडदे नसल्यामुळे सूर केवळ कानाच्या भरवशावर धरावा लागे. फेंडर यांनी दांडीवर पडदे बसविले, सूर नेमका लागू लागला, आणि त्या नेमकेपणावरूनच वाद्याचे नाव पडले. या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हते, हे ऐकल्यापासून त्यांच्याविषयी आम्हांस विशेष आपुलकी वाटते. कारण वाद्यांविषयी मत देण्याचा आमचा अधिकारही त्याच जातीचा आहे.

आता पिकगार्ड. पिक म्हणजे आपल्या सतारीच्या नखीची चुलतबहीण. तिचे ओरखडे लाकडावर पडू नयेत, म्हणून तारांखाली वाद्याच्या अंगावर स्क्रूंनी एक सपाट पातळ तुकडा बसवितात, तेच पिकगार्ड. प्रिसिजन बेसमध्ये आवाज कमीजास्त करण्याची बटणेही त्याच्यावरच असतात. म्हणजे काम पाहावे तर ते ढालीचे. परंतु वाद्याच्या दर्शनी भागातील बरीच जागा तेच अडवीत असल्यामुळे लोक त्याची परीक्षा करतात ती रंगावरूनच.

कन्येने शिकवण्यांच्या पैशांतून शिल्लक टाकून हे वाद्य पुण्याहून जुन्या बाजारात घेतले. त्याचे अंग ‘सनबर्स्ट’ रंगाचे आहे. म्हणजे मध्यभागी पिवळे, मग तांबूस, आणि कडेला जवळजवळ काळे. मांडवीच्या किनाऱ्यावर उभे राहून ज्यांनी सूर्य बुडताना पाहिला आहे, त्यांना याहून अधिक वर्णन नको. त्यावरचे पांढरे पिकगार्ड मात्र एका स्क्रूच्या भोकापाशी तडकलेले, आणि आधीच्या मालकाच्या ओरखड्यांनी भरलेले. नवे मागवावयाचे ठरले आणि रंगांची यादी घरात आली.

आमचे मत काळ्याचे पडले. काळा रंग गंभीर, पदवीदान समारंभातील झग्यासारखा. सौभाग्यवतींना कासवाच्या पाठीसारखा तांबडा-तपकिरी, ढगाळ छटांचा रंग आवडला. मुंबईच्या चिरंजीवांनी फोनवरून सोनेरी सुचविला. केवळ बोलून निकाल लागेना, तेव्हा गणपतीच्या मखरातून उरलेले रंगीत कागद काढून आम्ही पिकगार्डच्या आकाराचे तुकडे कापले आणि एकेक वाद्यावर ठेवून पाहिले; दिवसाउजेडी पाहिले आणि दिव्याखालीही पाहिले. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांना हीच युक्ती करण्याची आमची शिफारस आहे, कारण रंग एकटा पाहिला तर एक दिसतो आणि शेजाऱ्यासह पाहिला तर दुसराच.

काळ्या कागदाखाली सनबर्स्टची काळी कड आणि पिकगार्ड एकमेकांत मिसळून गेले, आणि मधला सूर्य अर्धा झाकल्यासारखा दिसू लागला. शिवाय कन्येने सांगितले की चकचकीत काळ्यावर केसाएवढा ओरखडाही दिव्याखाली लकाकतो. ज्याने ओरखडे सोसावयाचे, त्यानेच त्यांची जाहिरात करावी, हे बरे नव्हे. पांढरा कागद ठेवताच वाद्य उजळले, परंतु दुरून पाहता पांढरेच तेवढे डोळ्यांत भरू लागले. त्याला एक उतारा आहे: पांढऱ्या दोन थरांमध्ये काळा थर घालून तुकड्याची कड तिरकी कापतात, म्हणजे धोतराच्या काठासारखी एक बारीक काळी रेघ भोवती उमटते आणि पांढऱ्याला आवर बसतो. सौभाग्यवतींचा तपकिरी मात्र शिसवी दांडीशी अशा काही सलगीने वागला की आमची वाचाच बंद झाली. पुढे इतिहास पाहिला तेव्हा कळले की ही सोयरीक जुनीच आहे. १९५१ चा पहिला बेस फिकट अंगाचा आणि काळ्या पिकगार्डचा होता. १९५७ साली सोनेरी मुलामा दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आला. आणि १९५९ च्या सुमारास शिसवी दांडीबरोबर कासवपाठी रंग आला. ज्याला आपण ‘शोभते’ म्हणतो, ते पुष्कळदा ‘पाहण्याची सवय झाली आहे’ एवढेच असते, हा बोध आम्ही त्यातून घेतला.

कासवपाठी रंग जवळजवळ निश्चित झाला असता. परंतु कन्या अडली. तिने वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले समुद्राकडे धावताना पाहिली आहेत. आमच्या जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या या गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने कासवांची अंडी राखण्यास आरंभ केला. “कासवाच्या पाठीची नक्कल मिरवायची मला लाज वाटते, बाबा,” ती म्हणाली. आम्ही प्राध्यापकी थाटात तिची समजूत घातली. वेळासची कासवे ऑलिव्ह रिडले जातीची. फण्यांसाठी आणि डब्यांसाठी ज्याची पाठ माणसाने शतकानुशतके सोलली ते हॉक्सबिल कासव निराळे. आणि त्या पाठीला स्वस्त पर्याय दिला तो या नकलेनेच. १८७० च्या सुमारास जॉन वेस्ली हायट या अमेरिकन माणसाने बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधताना सेल्युलॉइड सिद्ध केले. कापूस नत्राम्लात मुरवून त्यात कापूर मिसळला की ते तयार होते. आमच्या देवघरातल्या या दोन वस्तूंनी पुढे हस्तिदंत आणि कासवाची पाठ या दोहोंची सोंगे वठविली. आजची पिकगार्डे बहुधा याहून कमी ज्वालाग्राही प्लास्टिकची असतात, पण सोंग तेच चालू आहे. कन्येने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि ती यादीतील पुढच्या नावाकडे वळली.

ते नाव होते ‘मिंट ग्रीन’. पांढऱ्यात किंचित पिवळा आणि किंचित हिरवा मिसळावा, तसा तो रंग. त्याची कुळकथा ऐकून आम्ही प्रथम मोठ्याने हसलो. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील पांढरी सेल्युलॉइडची पिकगार्डे काळाने हिरवट-पिवळी पडली. शौकिनांना ती छटा इतकी आवडली की आता नवे प्लास्टिकच त्या रंगाचे करून विकतात. जन्मतःच म्हातारे झालेले हे मूल पाहून हसू येणार नाही तर काय! परंतु आमचे हसू फार वेळ टिकले नाही, कारण त्याच वेळी आमची दृष्टी खोलीच्या कोपऱ्याकडे गेली. तेथे गवसणी घातलेला आमच्या वडिलांचा तंबोरा उभा असतो.

तो मिरजेचा तंबोरा. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे हा व्यवसाय सुरू केला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही लाभले. वडील मोठे गवई नव्हते. पहाटे उठून तासभर स्वतःपुरते गात आणि मग कामाला लागत. ते गेल्यावर काही वर्षे तंबोरा तसाच राहिला. भोपळ्याला बारीक चीर गेली, जवारी बोलेना. तेव्हा एका मे महिन्यात आम्ही तो आंबा घाटातून मिरजेस नेला. कारागिराने सर्व अंग न्याहाळून एकच प्रश्न विचारला: दांडीच्या कडेची सेल्युलॉइडची पट्टी जुनी ठेवायची की नवी घालायची? पट्टी हळदीसारखी पिवळी पडली होती आणि एके ठिकाणी झिजून खोलगट झाली होती. आम्ही विचार न करता उत्तर दिले, “नवी घाला. सगळे कसे पांढरे शुभ्र दिसू द्या.” त्याने सांगितले तसे केले, आणि उत्तम केले. दोष कोणाचा असेल तर तो उत्तराचा, प्रश्नाचा नव्हे.

तंबोरा घरी आला. आईने चार तारा छेडल्या, समाधानाने मान हलविली. मग तिचा हात दांडीवरून खाली सरकला आणि एका जागी थांबला. तंबोरा छेडताना अंगठा दांडीच्या कडेला टेकतो. चाळीस वर्षे वडिलांचा अंगठा जेथे टेकला होता, ती खोलगट जागा ती शोधीत होती. “छान झाला,” ती म्हणाली. “पण आता हा कोणाचाही असू शकेल रे.” दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेस फोन केला. जुनी पट्टी दुकानाच्या केराबरोबर केव्हाच गेली होती. पुढे आई होती तोवर तिने त्या पट्टीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि आम्हांसही तो काढण्याचे धैर्य झाले नाही.

हे सारे आम्ही कन्येस त्या दिवशी प्रथमच सांगितले. आणि सांगता सांगता आमच्या ध्यानी आले की तीन आठवडे आम्ही सर्वांनी एकाच गोष्टीचा विचार केला होता: पहिल्या दिवशी कोणता रंग शोभेल? वस्तुतः पिकगार्ड ही जखमा झेलण्यासाठीच लावलेली वस्तू. तिचा खरा रंग दुकानात ठरत नाही. तो वाजविणाऱ्याच्या हाताखाली वर्षानुवर्षांनी ठरतो. मग निवड कोणी करावी? ज्याचा हात तेथे फिरणार आहे त्याने. आमचा हात तेथे फिरणार नव्हता. म्हणून आम्ही काळ्या रंगावरील आपला हक्क सोडला, आणि हक्क सोडल्याचा आनंद आम्हांस या वयात प्रथमच इतका निर्भेळ मिळाला.

शेवटी तिने काळ्या रेघेचे साधे पांढरे पिकगार्ड मागविले. सौभाग्यवती थोड्या हिरमुसल्या. आम्ही भीत भीत विचारले, “अगं, मग ते मिंट ग्रीन का नको? पांढऱ्याइतके डोळ्यांत भरणार नाही, आणि जुने दिसेल.”

“जुनेपण विकत कशाला घ्यायचं, बाबा?” ती म्हणाली. “तेवढं मी वाजवीन की.”

नवे पिकगार्ड आले, तिने स्वतः तेरा स्क्रू पिळून ते बसविले. तडकलेले जुने ती टाकून देण्यास निघाली होती. ते मात्र आम्ही मागून घेतले. त्यावरचे ओरखडे कोणाचे, हे आम्हांस ठाऊक नाही. पण कोणीतरी ते पुष्कळ रात्री जागून कमावलेले असणार. कागदात गुंडाळून ते आम्ही तंबोऱ्याच्या गवसणीत ठेवून दिले आहे.