खोलीतला चौथा

ऑगस्टमधल्या सकाळी ग्रीन बेला लॅम्बो फील्डच्या बाहेर लहान मुलं सायकली घेऊन रांगेत उभी राहतात. पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे खेळाडू कपडे करून बाहेर येतात, एखादी सायकल पसंत करतात आणि रस्त्यापलीकडच्या सरावाच्या मैदानापर्यंत ती चालवत जातात. सायकलीचा मालक त्यांचं हेल्मेट छातीशी धरून बाजूने पळतो. लोम्बार्डी प्रशिक्षक होते त्या काळापासूनची ही पद्धत. शंभर किलोचा गडी गुलाबी सायकलवर बसला की गुडघे कानाला लागतात आणि हँडलला बांधलेल्या झिरमिळ्या त्याच्या मनगटांवर फडफडत राहतात.

आम्ही मात्र सायकली बघायला जात नाही. माझे जुने फोरमन आणि मी कुंपणाला टेकून उभे राहतो. त्यांच्या हातात नव्वद नावांची यादी असते, कानावर पेन्सिल. नव्वदांतले त्रेपन्न ठेवायचे, बाकीच्यांना ऑगस्ट संपायच्या आत नारळ. आमचा वाद दर वर्षी एकच, आणि तो वाइड रिसीव्हरांचा. पाच ठेवायचे की सहा? आणि चौथा कोण?

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अकरा विरुद्ध अकरा, दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. तो झेलायला कडेकडेने धावतो तो वाइड रिसीव्हर. मनाला येईल तसं धावून चालत नाही. किती पावलं सरळ, कुठे वळायचं, सगळं आधी ठरलेलं असतं, त्याला ‘रूट’ म्हणतात. रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू हातातून सुटलेला असतो, म्हणजे एक पाऊल चुकलं की चेंडू एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. बहुतेक वेळा मैदानात असे तिघं असतात. चौथा बाकावर. कुणाचा गुडघा गेला की त्याची पाळी.

आपल्या पाठीशी असे किती दमदार गडी आहेत, त्याला इथले लोक ‘डेप्थ’ म्हणतात. आणि रिसीव्हरांच्या सगळ्या गोतावळ्याला म्हणतात ‘रिसीव्हर रूम’. मराठीत दोन्हींना एकच शब्द, खोली. ही गंमत फोरमनना समजावून सांगायचा मी अनेकदा प्रयत्न केला. ते एवढंच म्हणतात, “मग तुमच्या भाषेत हा वाद लवकर संपत असेल.”

मी बल्लारपूरचा. कागदाच्या गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव. पुढे कागदाचंच शिकलो आणि १९९६च्या सप्टेंबरात विस्कॉन्सिनमध्ये फॉक्स नदीकाठच्या एका गिरणीत नोकरीला लागलो. नदीच्या दोन्ही काठांनी गिरण्या, हवेला तोच ओला, आंबूस वास. घरची आठवण यायला दुसरं काही लागतच नसे.

महिन्याभराने एका मंगळवारी सकाळी कामावर गेलो तर सगळी पाळी सुतकात. कुणी मोठ्याने बोलेना. मला वाटलं, रात्री मशीनवर कुणाला काही झालं. फोरमनना हळूच विचारलं, तर म्हणाले, “ब्रूक्सचा गुडघा.” आदल्या रात्री, १४ ऑक्टोबरला, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सामन्यात आमच्या पहिल्याच डावपेचावर रॉबर्ट ब्रूक्स पडला होता, आणि मोसम संपेपर्यंत उठणार नव्हता. सामना आपण जिंकला होता. तरीही सुतक! दोन आठवड्यांनी अँटोनियो फ्रीमनचा हात मोडला. जेवणाच्या सुट्टीत लोक डबे उघडून बसत आणि बोटांवर मोजत: आता उरलं कोण? मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मोजणी कळत होती. पावसाळ्याच्या तोंडावर घरात गहू किती, डाळ किती, हे आईच्या तोंडून रोज ऐकलेलं होतं. बोटं तीच होती.

नोव्हेंबरात आंद्रे रायझन आला. जॅक्सनव्हिलने त्याला हाकललेलं, पॅकर्सने उचललं. फोरमनना तो पसंत नव्हता. “दुसऱ्याने टाकलेलं सामान,” म्हणाले. पुढे २६ जानेवारीला न्यू ऑर्लीन्सच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, आपल्या दुसऱ्याच डावपेचावर क्वार्टरबॅक फार्व्हने चेंडू उंच फेकला, आणि ५४ यार्डांचा टचडाऊन घेऊन शेवटच्या पट्ट्यात जो नाचत शिरला तो हा टाकलेला रायझन. मी फोरमनच्या तळघरात बसलो होतो. त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की हातातली बूयाची वाटी मांडीवर. बूया म्हणजे कोंबडी, गोमांस आणि भाज्यांचा दाट रस्सा. इथल्या बेल्जियन वंशाच्या लोकांची खासियत. मोठ्या हंड्यात, अंगणात शिजवतात. मी गोमांस खात नसे, म्हणून माझ्या वाटीत फक्त भाज्या निवडून घातल्या होत्या. पँटवर ओघळलेला पहिला पदार्थ गाजर होता, हे अजून आठवतं.

तेव्हापासून मला हा नाद लागला. आणि खरं सांगायचं तर खेळापेक्षा यादीचा नाद जास्त. सामना रविवारी तीन तासांत संपतो, यादी बारा महिने पुरते.

माझ्या बाबांचा नाद क्रिकेटचा होता. रेडिओ कानाशी लावून त्यांनी फिरकीपटू पद्माकर शिवलकरांची अख्खी कारकीर्द ऐकली. रणजी धरून ५८९ बळी, आणि कसोटी एकही नाही. “बेदी त्याच वेळी जन्माला आला, त्याला कोण काय करणार?” असं बाबा म्हणत, आणि बेदीवर राग न धरता म्हणत. तीच त्यांची डेप्थची व्याख्या असावी. फोनवर मी त्यांना चौथ्या रिसीव्हरबद्दल सांगू लागलो की ते विचारत, “मग त्याला खेळवत का नाहीत?” उत्तर सोपं नसे. चाहते झेल मोजतात, पण यादीतला पाचवा-सहावा ठरतो तो वेगळ्याच कामावर. चेंडू लाथाडला की समोरच्या झेलणाऱ्याला धावत जाऊन गाठायचं आणि आडवा करायचा. हे हमालीचं काम ज्याला जमतं तो टिकतो. चौथ्या-पाचव्याच्या नावाने कंठशोष करणाऱ्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नसतं. उरलेल्या निम्म्यांना ठाऊक असतं, पण वादात ते सोयीचं नसतं.

१९९७च्या शेवटी क्लबने शेअर विकायला काढले, २०० डॉलरला एक. पॅकर्सना कुणी शेठ नाही, गावाचाच संघ आहे. शेअरला लाभांश नाही, तो विकता येत नाही, त्याने तिकीटही मिळत नाही. फोरमननी एक घेतला आणि फ्रेम करून तळघरात लावला. पुढच्या वेळी, २०११च्या विक्रीत, मी २५० डॉलर भरून मुलाच्या नावाने घेतला. बायकोने विचारलं, “मिळणार काय?” मी म्हणालो, “मालकी.” तिने फ्रेमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानंतर फ्रेमखाली वाढदिवसाच्या फोटोंची एक रांग आली.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ही डेप्थ आम्हाला खरोखर कामाला आली. पिट्सबर्गविरुद्धच्या सुपर बोलमध्ये दुसऱ्या चतुर्थकात डोनाल्ड ड्रायव्हरचा घोटा गेला. हा ड्रायव्हर १९९९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या वार्षिक निवडीत, २१३वा निवडलेला. म्हणजे कधी काळी तोही यादीच्या तळाचाच. मोठा भार जॉर्डी नेल्सनच्या अंगावर पडला. त्याच्या हातून काही चेंडू सुटले, तेव्हा आम्ही ओरडलो, आणि नऊ त्याने झेलले, १४० यार्डांचे. ३१–२५. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्या रात्री त्याने भिंतीवर पेन्सिलीने रिसीव्हरांची नावं क्रमाने लिहिली: जेनिंग्ज, ड्रायव्हर, नेल्सन, जोन्स. नेल्सनच्या नावासमोर वर जाणारा बाण. भिंत नंतर दोनदा रंगवली, पण उन्हाच्या तिरिपेत बाण अजून दिसतो.

मग जेफ जॅनिसचं पर्व. सातव्या फेरीतला, एका लहान कॉलेजचा, वाऱ्यासारखा पळणारा आणि रूट गिरवताना चुकणारा. माझ्या मुलाचा तो देव, फोरमनचा डोक्याला ताप. २०१५च्या ऑगस्टात नेल्सनचा गुडघा गेला, तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, आता जॅनिस!” प्रशिक्षकांनी मात्र जुन्या जेम्स जोन्सला परत बोलावलं. न्यू यॉर्कच्या जायंट्सनी नुकतंच सोडलेला जोन्स. तो गणवेशाखाली टोपीवाला स्वेटशर्ट घालून खेळे, थंडीच्या सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसासारखा. जॅनिसच्या वाट्याला अख्ख्या मोसमात दोनच झेल आले.

जानेवारीत ॲरिझोनाला बाद फेरी. रिसीव्हर दावान्ते अॅडम्स आधीच जायबंदी. रँडल कॉब सुरुवातीलाच छातीला मार लागून बाहेर. खोलीत उरले तिघं, त्यांत जॅनिस. मिनिटभराहून कमी वेळ, चौथी संधी, वीस यार्ड हवेत. क्वार्टरबॅक रॉजर्सने मागे पळत पळत चेंडू फेकला आणि जॅनिसने तो साठ यार्डांवर धरला. काही सेकंदांनी शेवटचा फेका, ४१ यार्ड, दोन बचावपटूंच्या डोक्यावरून. तोही त्यानेच धरला! मुलगा शेजाऱ्यांच्या अंगणापर्यंत बर्फातून अनवाणी पळत गेला. फोरमनचा फोन आला. ते काही बोललेच नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. जादा वेळात आपण २६–२० हरलो, आणि त्या हरण्याचं मला काहीच वाटलं नाही. त्या एका सामन्यात जॅनिसचे सात झेल, १४५ यार्ड. नंतर दोन मोसमांत त्याला फार काही मिळालं नाही. मग तोही गेला.

त्याच सुमारास आमच्या गिरणीतलं एक मशीन बंद पडलं. मासिकांचा गुळगुळीत कागद आम्ही बनवत असू, आणि लोक मासिकं सोडून फोनवर वाचू लागले होते. आमच्या विभागात आम्ही चार अभियंते होतो आणि काम तिघांपुरतं राहिलं. काचेच्या खोलीत मला बोलावलं. समोर एक कागद पालथा ठेवलेला होता, पण कागद पातळ होता आणि मागच्या खिडकीतून उजेड येत होता. चार नावं क्रमाने लिहिलेली दिसत होती. कागदाच्या धंद्यातल्या माणसाला ग्रॅमेज, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम ते, डोळ्याने कळतं. पंचावन्नच्या आसपासचा असावा. पहिली तीन नावं मी वाचली आणि चौथं वाचायची गरज पडली नाही.

फोरमन तोवर निवृत्त झालेले. संध्याकाळी बूयाचा डबा घेऊन आले. पॅकर्सबद्दल, म्हणजे ज्यावर ते एरवी तासन्‌तास बोलत, त्याबद्दल एक अक्षर नाही. डबा परत नेताना म्हणाले, “गोमांस नाही घातलंय.” आठ महिन्यांनी मी एका टिश्यू पेपरच्या गिरणीत लागलो. लोक वाचायचे थांबले तरी नाक पुसायचे थांबत नाहीत.

त्या ऑगस्टात मुलगा यादी घेऊन बसला होता. “हा काही कामाचा नाही, याला कापा. हा पण.” मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. तो बघतच राहिला. मी कागद परत दिला आणि चहा करायला उठलो. त्यानंतरही यादीवर आमचे वाद होतात, पण एक फरक पडला. मी कुणाला ठेवायचं ते सांगतो. कुणाला काढायचं ते त्याने सांगायचं.

पहिल्या फेरीत रिसीव्हर घ्या, म्हणून अख्खं गाव वर्षानुवर्षं ओरडत होतं. २००२मध्ये जॅव्हॉन वॉकर घेतला, त्यानंतर कोणी नाही. २०२०मध्ये आम्ही रिसीव्हरची वाट बघत होतो, तर त्यांनी पुढे सरकून क्वार्टरबॅक जॉर्डन लव्हला उचललं. रात्रभर मुलाचे मेसेज येत होते, ते छापण्यासारखे नाहीत. २०२२मध्ये अॅडम्सला दुसऱ्या संघाला दिलं, आणि त्याच्या जागी आलेल्या ख्रिश्चन वॉटसनने मिनेसोटात पहिल्याच डावपेचावर मोकळ्या मैदानात हातात आलेला चेंडू टाकला. अखेर २०२५च्या एप्रिलमध्ये ड्राफ्टच ग्रीन बेला भरला. तेविसाव्या क्रमांकावर टेक्सासच्या मॅथ्यू गोल्डनचं नाव पुकारलं. तेवीस वर्षांनी तेविसावा. गर्दीतली अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी आणखी एक रिसीव्हर घेतला. फोरमन आता ऐंशीच्या पुढचे. घडीच्या खुर्चीवर बसून ते यादीच्या मागे काहीतरी लिहीत होते. “आता फार झाले,” म्हणाले. “यातला एक चांगला पोरगा जाणार.”

गेल्या ऑगस्टात आम्ही पुन्हा कुंपणाशी. यादी कापायला आठवडा राहिलेला. आठेक वर्षांचा एक मुलगा निळी सायकल ढकलत, धापा टाकत आमच्याजवळ येऊन थांबला. त्याने सायकलीची सीट दाखवली. त्यावर काळ्या मार्करने सही होती, पण अक्षर लागत नव्हतं. नंबर सांगितला तर यादीत त्या नंबराचे दोघं निघाले. सरावाच्या दिवसांत नव्वद जणांना नंबर पुरत नाहीत.

“तो चेंडू झेलतो,” मुलगा म्हणाला. “उद्यापण माझीच सायकल घेणार आहे.”

म्हणजे दोघांतला दुसरा. मी फोरमनच्या कागदाकडे पाहिलं. रिसीव्हरांच्या रांगेत ते नाव नववं होतं आणि त्यावरून पेन्सिलीची रेघ गेली होती, आरपार, पट्टीने मारल्यासारखी सरळ. मुलगा टाचा उंचावून कागदात डोकावू लागला.

“कितवा आहे तो?”

फोरमननी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि ती खिशात ठेवली.

“चौथा,” ते म्हणाले.